बँटम कोंबडी

बँटम कोंबडी हा पाळीव कोंबडीचा लहान चणीचा प्रकार आहे. ही एक स्वतंत्र जात नसून अनेक लघुजातींना मिळून दिलेले सामान्य नाव आहे. बहुतेक बँटम पक्ष्यांचे वजन अर्धा ते एक किलोग्रॅमच्या दरम्यान असते. अंडी व मांस यांच्या व्यापारापेक्षा छंद, शोभा, प्रदर्शने आणि परसातील घरगुती गरज यांसाठी त्या पाळल्या जातात. त्यांना जागा व खाद्य कमी लागते. जातीची लक्षणे राखून पैदास करणे मात्र तितके सोपे नसते, कारण काही जातींत जे लक्षण सौंदर्याचे मानले जाते, तेच वंशवृद्धीला बाधक ठरते.

नाव व इतिहास

जावा बेटाच्या पश्चिम भागातील बांतेन या बंदराचा उच्चार युरोपीय व्यापारी ‘बँटम’ असा करीत. मसाल्याच्या व्यापारासाठी तेथे जाणाऱ्या खलाशांना लहान चणीच्या कोंबड्या मिळत. त्यावरून पुढे सर्वच लहान कोंबड्यांना हे नाव पडले. मुष्टियुद्धातील ‘बँटमवेट’ हा वजनगटही याच पक्ष्यावरून ओळखला जातो. इंग्लंडमधील सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट (१७६७–१८४६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी निवड पद्धतीने तयार केलेली ‘सेब्राइट’ ही जात विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या प्रत्येक पिसाला काळी रेखीव किनार असते.

प्रकार

बँटम कोंबड्यांचे दोन मुख्य गट मानले जातात. ज्यांची मोठ्या चणीची आवृत्ती अस्तित्वात नाही, त्यांना ‘खऱ्या बँटम’ म्हणतात. सेब्राइट, जपानी बँटम (चाबो), बेल्जियममधील दाढीवाली उक्ल आणि मलेशियातील सेरामा या त्यांपैकी होत. सेरामा ही जगातील सर्वांत लहान कोंबड्यांपैकी असून तिचे वजन सामान्यतः अर्ध्या किलोग्रॅमपेक्षा कमी भरते. दुसऱ्या गटात ऱ्होड आयलंड रेड, प्लिमथ रॉक, ससेक्स इत्यादी मोठ्या जातींची लघुरूपे येतात. परसात अंडी मिळावीत हा हेतू असेल, तर दुसऱ्या गटातील जाती अधिक उपयुक्त ठरतात.

निवारा व खाद्य

सुरुवात एक नर व तीन-चार माद्या अशा लहान कळपाने करणे सोयीचे असते. खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे सुमारे दोन चौरस फूट आणि फिरण्याच्या आवारात त्याच्या किमान दुप्पट जागा असावी. बँटम पक्षी चांगले उडतात, म्हणून आवार वरूनही जाळीने बंद करावे लागते. मुंगूस, रानमांजर, साप व घुशी यांच्यापासून रक्षणासाठी जाळीची छिद्रे अर्ध्या इंचापेक्षा मोठी नसावीत. तळाशी भाताच्या तुसाची कोरडी गादी अंथरतात. चाबोसारख्या आखूड पायांच्या आणि उक्लसारख्या पायांवर पिसे असणाऱ्या जातींना चिखल सोसत नाही. पावसाळी प्रदेशात त्यांच्यासाठी छपराखालील कोरडी जागा आवश्यक असते.

पिलांना सुमारे २० टक्के प्रथिनांचे बारीक खाद्य देतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात प्रथिने सुमारे १६ टक्के आणि कॅल्शियम भरपूर असते. हे खाद्य पिलांना दिल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. बँटमची पिले इतकी लहान असतात की पाण्याच्या खोल भांड्यात ती बुडून मरतात. त्यासाठी उथळ भांडे घेऊन त्यात स्वच्छ गोटे टाकतात.

अंडी व उबवणी

बँटम तलंग साधारणपणे पाच ते सात महिन्यांची झाल्यावर अंडी देऊ लागते. उबवणीसाठी सात दिवसांहून जुनी नसलेली, स्वच्छ व निर्दोष आकाराची अंडी निवडतात. नर बदलल्यास आधीच्या नराचा अंश मादीच्या शरीरात काही काळ टिकून राहतो. त्यामुळे नव्या नराची निश्चित संतती हवी असल्यास सुमारे तीन आठवडे थांबावे लागते.

अनेक बँटम माद्या वरचेवर खुडूक होतात आणि पिलांची उत्तम काळजी घेतात. एका मादीखाली तिची स्वतःची सहा ते आठ अंडी मावतात. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास राखतात. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवतात. त्यानंतर फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवतात. पिले १९ ते २१ दिवसांत बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते आणि दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करतात.

जोड्या लावणे व आनुवंशिक मर्यादा

नवख्या पालकाचा स्वाभाविक समज असा असतो की, दोन उत्तम दिसणाऱ्या पक्ष्यांची जोडी लावल्यास संतती सर्वोत्तम होईल. काही बँटम जातींत हा समज खोटा ठरतो. चाबोचे आखूड पाय एका प्रभावी जनुकामुळे असतात. हे जनुक आई व बाप या दोघांकडून आल्यास गर्भ कवचातच मरतो. म्हणून दोन आखूड पायांच्या पक्ष्यांच्या जोडीत सरासरीने एक चतुर्थांश गर्भ मरतात, निम्मी पिले आखूड पायांची आणि उरलेली लांब पायांची होतात. यांतील बहुतेक गर्भ उबवणीच्या पहिल्या काही दिवसांत मरत असल्याने ती अंडी पालकाला निर्बीज वाटतात व दोष नराला दिला जातो. आखूड पायांच्या पक्ष्याची लांब पायांच्या पक्ष्याशी जोडी लावल्यास निम्मी पिले आखूड पायांचीच निपजतात आणि या कारणाने एकही गर्भ दगावत नाही. प्रदर्शनात नापसंत ठरणारा लांब पायांचा पक्षी पैदाशीसाठी असा मोलाचा ठरतो.

सेब्राइटच्या नरांची पिसे मादीसारखी असतात आणि त्यांची प्रजननक्षमता कमी आढळते. म्हणून काही पैदासकार नेहमीच्या नरासारखी पिसे असलेले कोंबडेही राखून ठेवतात. उलट्या वळणाच्या ‘फ्रिझल’ पक्ष्यांची जोडी साध्या पिसांच्या पक्ष्याशी लावतात, कारण दोन फ्रिझलच्या काही पिलांची पिसे ठिसूळ होऊन गळतात.

लहान कळपात निकट नात्यातील जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्यास अंडी फळण्याचे प्रमाण घटते. पायांत क्रमांकाची कडी घालून प्रत्येक जोडीची व पिलांची नोंद ठेवणे हा त्यावरील मुख्य उपाय आहे. निपजणाऱ्या पिलांपैकी जवळपास निम्मी नर असतात व वयात आल्यावर ते आपसांत झुंजतात. अतिरिक्त नरांची सोय अंडी उबवण्यापूर्वीच ठरवावी लागते.

आरोग्य

आकार लहान असला तरी रोग मोठ्या कोंबड्यांचेच होतात. राणीखेत (मानमोडी), देवी व मरेक या रोगांवर लसी उपलब्ध असून त्यांचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घेतात. ओलसर गादीमुळे पिलांना रक्ती हगवण होते. विकत आणलेले पक्षी कळपात मिसळण्यापूर्वी तीन ते चार आठवडे वेगळे ठेवतात. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास त्यांना उघड्या हाताने न हाताळता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे आवश्यक असते.