चिपाडातील साखर आणि पन्नास लाखावे एकस्व

१९ मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने आपले पन्नास लाखावे एकस्व दिले. गोळाबेरीज आकडे अशा ठिकाणी केवळ योगायोगाने कुणाच्या वाट्यास येत असतील, असे आम्हांस वाटत नाही. हे एकस्व एखाद्या यंत्राचे नव्हते. फ्लोरिडा विद्यापीठातील लॉनी इन्ग्रॅम व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी घडविलेल्या एका जिवाणूचे ते होते. मनुष्याच्या आतड्यात वास करणारा ईश्चेरिशिया कोलाय हा तो जिवाणू. आणि त्याला शिकविलेले नवे काम म्हणजे वनस्पतींच्या टाकाऊ भागातील शर्करेपासून मद्यार्क तयार करणे.

या वाक्यातील ‘टाकाऊ’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांनी थोडा थांबून पाहावा असा आहे. एखादी वस्तू टाकाऊ कोण ठरवतो? किण्वनाच्या इतिहासापुरते बोलायचे तर हा निवाडा सहस्रावधी वर्षे यीस्टच्या जिभेने दिला आहे. द्राक्षाचा रस, मोहाची फुले, भिजवलेले धान्य, उसाची मळी यांत यीस्टला रुचणाऱ्या शर्करा असतात अथवा सहज निर्माण करता येतात. म्हणून ते सारे ‘उपयुक्त’. देठ, पाने, चिपाड, भुसा यांतही साखर आहे, नाही असे नाही. परंतु ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते आणि लिग्निन नावाचा चिवट पदार्थ तिला जखडून असतो. साखळ्या तोडल्या तरी अडचण सरत नाही. सेल्युलोजपासून ग्लुकोज मिळते, ते यीस्टला चालते. हेमिसेल्युलोजपासून मात्र मुख्यतः झायलोज मिळते. ही पाच कार्बन अणूंची शर्करा मद्यनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या यीस्टला आंबविता येत नाही. तिला ती दिसते, पण रुचत नाही, असेच म्हणावे लागते. शेतकऱ्याच्या लेखी कडबा कधीच टाकाऊ नव्हता, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांना या शर्करांचे वावडे नाही. वावडे आहे ते आमच्या मद्यशाळांना.

इन्ग्रॅम यांची वाट मोठी गमतीची होती. १९७०च्या दशकात ते मद्यार्कामुळे जिवाणूंच्या पेशीपटलावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करीत होते. ज्या द्रव्याने ई. कोलाय हैराण होतो, तेच द्रव्य पुढे त्याच्याकडून तयार करून घेण्याची ही कल्पना होती. ई. कोलायचा गुण असा की तो ग्लुकोज, झायलोज, अरॅबिनोज यांपैकी कशालाही नाही म्हणत नाही. दोष असा की प्राणवायू नसताना तो या शर्करांपासून नाना आम्लांची खिचडी करून ठेवतो; मद्यार्क त्यात थोडाच. उलट झायमोमोनस मोबिलिस नावाचा दुसरा जिवाणू आहे. मेक्सिकोतील पुल्के, तसेच आपल्या माडीच्या जातीची ताडवर्गीय पेये, यांत तो सापडतो. तो साखरेचा मद्यार्क मोठ्या सफाईने करतो, पण खाण्याच्या बाबतीत अत्यंत सोवळा: ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि उसाची साखर, एवढेच.

एकाची भूक आणि दुसऱ्याचे कसब यांची सांगड इन्ग्रॅम यांच्या गटाने घातली. झायमोमोनसमधील दोन विकरांची जनुके त्यांनी ई. कोलायमध्ये आणली, १९८७ साली त्यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शर्करेच्या विघटनात पायरुवेट हे एक नाक्याचे ठिकाण असते. तेथून आम्लांकडे जाणारे रस्ते ओस पडून जवळजवळ सारी रहदारी मद्यार्काकडे वळली. १९९१ मध्ये ही जनुके प्लास्मिडवर न ठेवता थेट गुणसूत्रात बसविलेला ‘केओ ११’ हा वाण तयार झाला. प्लास्मिड म्हणजे पेशीतील पाहुणा, सोय नसेल तर निघून जाणारा. गुणसूत्रातील जनुक मात्र घरचे होते.

जिवाणूवर मालकी सांगण्याची वाट त्याआधीच मोकळी झाली होती. वीरभूम जिल्ह्यात जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत खनिज तेलाचे घटक पचविणारा सूडोमोनस घडविला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो एकस्वास पात्र ठरविला. एका मताचा हा फरक नसता तर इन्ग्रॅम यांच्या जिवाणूचा इतिहास कोणत्या दिशेने गेला असता, हा प्रश्न आम्हांस प्रयोगशाळेतील तपशिलाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एक जुने भूत मात्र या नव्या घरातही वावरत होते. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये झाक मोनो हा तरुण संशोधक जिवाणूंना दोन शर्करांचे मिश्रण देऊन त्यांची वाढ मोजत होता. त्याला आलेखात दोन चढ आणि मध्ये एक सपाटी दिसली. जिवाणू आवडती शर्करा संपवीत, काही वेळ थांबत आणि मगच दुसरीकडे वळत. या सपाटीचा अर्थ शोधताना मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी १९६१ साली जनुकनियमनाचा सिद्धांत मांडला. १९६५ चे नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळाले. आल्बेर कामूचा स्नेही आणि ‘योगायोग व अपरिहार्यता’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ १९७० साली लिहिणारा तो हाच मोनो. साहित्याचे विद्यार्थी त्याला बहुधा त्या वाटेने ओळखतात. कारखान्यात मात्र तीच सपाटी तोट्याची ठरते. चिपाडाच्या काढ्यात ग्लुकोज असेतोवर ई. कोलाय झायलोजकडे ढुंकून पाहत नाही. पुढे तो वळतो तोवर साचलेल्या मद्यार्काने मंदावलेला असतो. शिवाय आम्लाने चिपाड फोडताना फुरफुराल, ॲसेटिक आम्ल अशी जिवाणूस बाधक द्रव्ये तयार होतात, ती वेगळीच.

१९९५ साली कोलोराडोतील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने ही देवघेव उलट दिशेने केली: ई. कोलायची चार जनुके झायमोमोनसला देऊन त्या सोवळ्या जिवाणूस झायलोज खाण्यास शिकविले. घडविलेल्या झायमोमोनसवर उभारलेला ड्यूपाँट कंपनीचा आयोवातील कारखाना ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झाला. मक्याची ताटे व पाने हा त्याचा कच्चा माल. तो दोन वर्षेही धड चालला नाही. इन्ग्रॅम यांच्या जिवाणूंवर आधारलेला, उसाच्या चिपाडाचा प्रायोगिक कारखाना लुइझियानातील जेनिंग्ज येथे २००८ मध्ये उभा राहिला. वर्षाला सुमारे १४ लाख गॅलन एवढी त्याची क्षमता. २०१० मध्ये तो बीपी या तेलकंपनीकडे गेला आणि २०१२ मध्ये तिने फ्लोरिडातील नियोजित मोठा प्रकल्पच रद्द केला. जिवाणू हरला नव्हता. हलका, पसरट पेंढा गोळा करणे, तो फोडणे, विकरे विकत घेणे, या जिवाणूच्या अलीकडच्या खर्चाने घात केला, असे आमचे मत आहे.

इंधन स्वस्त विकावे लागते, म्हणून संशोधक मोलाच्या रसायनांकडे वळले. इन्ग्रॅम यांच्याच प्रयोगशाळेत ई. कोलायपासून लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्ल करण्यात आले. सक्सिनिक हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ तृणमणी; सोळाव्या शतकात ॲग्रिकोलाने हे आम्ल तृणमणी तापवून मिळविले होते. घासल्यावर गवताची काडी ओढून घेतो तो तृणमणी. त्याचे आम्ल आता गवताच्या कुळातील पिकांच्या साखरेपासून निघावे, हा भाषेने केलेला विनोद आम्हांस फार आवडला.

आपल्या देशात १० ऑगस्ट २०२२ रोजी भातपेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना राष्ट्रार्पण झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल द्यावे, असे योजिलेले आहे. कारखान्याचे ठिकाण पानिपत. भात कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये तेथील शेतकऱ्याच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. तेवढ्यात पेंढ्याचे गठ्ठे बांधून कुणी उचलून नेले नाहीत, तर तो शेतातच पेटविला जातो.