बारा, चार की तीन? सर्व्हर ‘जेऊर’ कसा मोजतो

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी भिगवण सोडून कुर्डुवाडीच्या वाटेला लागली की मध्ये करमाळा तालुक्यातलं जेऊर स्टेशन येतं. पाटीवरचं नाव वाचणारं शाळकरी पोर अक्षरं मोजेल : जे, ऊ, र. तीन. तेच नाव लिनक्स सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेला मोजायला द्या. तिचं जुनं ‘स्ट्रलेन’ फंक्शन सांगतं, बारा.

पीएचपी खोटं बोलत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ज, त्यावरची मात्रा, ऊ आणि र ही चार चिन्हं, म्हणून बारा बाइट. पीएचपी अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजते. बातमीचा गोषवारा दाखवण्यासाठी हे नाव दहाव्या बाइटवर कापलं, तर ‘जेऊ’ शाबूत राहतं आणि र चा एक तुटका तुकडा उरतो. ब्राउझर तिथं काळ्या शंकरपाळीत पांढरं प्रश्नचिन्ह काढतो.

रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी जाहीर केली जून १९९५ मध्ये, मुळात स्वतःच्या वेबपानासाठी. अपाचे हा वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेसही त्याच वर्षीचे. लिनक्स १९९१ चं. या चौघांच्या आद्याक्षरांचं ‘लॅम्प’ हे नाव १९९८ मध्ये पडलं, आणि कमी पैशात संकेतस्थळ उभारायचं तर हाच संच, असं जगभर ठरून गेलं. देवनागरी मात्र त्यात कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. मायएसक्यूएल स्वीडनमधल्या कंपनीचं, म्हणून त्याची मूळ लिपी ‘लॅटिन-१’ आणि अनुक्रम स्वीडिश! अपाचे २.० च्या मूळ कॉन्फिग फाइलमधली एक ओळ तर प्रत्येक पान पश्चिम युरोपीय लिपीतलं असल्याचं ब्राउझरला सांगून टाकायची.

त्यामुळे मराठी पान नीट दिसायला चार ठिकाणी हात घालावा लागे : अपाचेची ती ओळ, पीएचपीनं पाठवायचा हेडर, डेटाबेसमधले तक्ते आणि डेटाबेसशी होणारी प्रत्येक जोडणी. एक जागा राहिली की सगळा लेख विचित्र रोमन चिन्हांचा नाहीतर प्रश्नचिन्हांचा.

त्याआधी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी स्वतःचे फॉन्ट वापरून वेळ निभावली होती. वाचकाला मराठी दिसे, पण आत रोमन चिन्हंच असत. शोधून काही सापडत नसे. प्रत्येक लिपीच्या चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं ते बदललं. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो चालवणारी मीडियाविकी पीएचपीतलीच.

सगळ्यात मोठी संधी हुकली ती पीएचपी ६ ची. युनिकोड भाषेच्या गाभ्यातच बसवायचं, असा तो बेत होता. काही वर्षं खपूनही काम तडीला गेलं नाही आणि मार्च २०१० मध्ये ते सोडून दिलं गेलं. सहा हा आकडाच वगळून डिसेंबर २०१५ मध्ये थेट पीएचपी ७ आली. मराठीचं यात खरं नुकसान झालं. आजही ‘जेऊर’ची चार चिन्हं मोजायला ‘एमबीस्ट्रिंग’ हे एक्स्टेन्शन लागतं, आणि शाळकरी पोराचं तीन हे उत्तर मिळवायला ‘इंटल’. उबुंटूवर दोन्ही वेगळी बसवावी लागतात.

मायएसक्यूएलची मूळ लिपी लॅटिन-१ वरून यूटीएफ-८ वर आली २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत. तोवर कितीतरी मराठी मजकूर चुकीच्या लेबलाखाली साठून गेला होता.

त्यातला जो प्रश्नचिन्हं होऊन बसला, तो गेला. मूळ बाइटच उरले नाहीत. पण जो विचित्र रोमन चिन्हांसारखा दिसतो, त्यात बहुतेक वेळा सगळे बाइट जागच्या जागी असतात, आणि लेबल बदललं की मराठी परत येते. बंद पडलेल्या एखाद्या संकेतस्थळाचा जुना बॅकअप कोणाच्या कपाटातल्या सीडीवर असेल, तर तो कचरा समजून टाकू नका.