संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान : महाराष्ट्रातील मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत पसरलेले राखीव जंगल आणि मुंबईच्या उपनगरांतील लोकांचे नित्याचे सहलीचे ठिकाण. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौ. किमी. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली (पूर्व) येथे पश्चिम द्रुतगती महामार्गालगत असून बोरिवली रेल्वेस्थानकापासून तेथे चालत जाता येते. बोलण्यात सगळे त्याला ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. वनराणी ही झुकझुक गाडी, सिंह-वाघांची सफारी, नौकाविहार व कान्हेरीची लेणी यांसाठी ते घराघरांत माहीत आहे. मात्र ही आकर्षणे उद्यानाच्या पश्चिम बाजूच्या एका लहान पट्ट्यात आहेत. त्यामागे मुंबईला पाणी देणारे दोन तलाव, बिबट्यांचे वसतिस्थान आणि आदिवासींचे पाडे आहेत. मागचे मोठे जंगल वर्दळीपासून दूर ठेवले गेले, म्हणूनच काठावरची ही करमणूक आजवर टिकून राहिली आहे.

स्थान व भूरचना : साष्टी बेटाच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण गेलेल्या डोंगररांगेवर हे उद्यान वसले आहे. त्याच्या पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगाव, दक्षिणेस आरे दुग्ध वसाहत व पवई, तर पूर्वेस भांडुप, मुलुंड व ठाणे ही दाट वस्तीची ठिकाणे आहेत. उत्तरेकडील नागला हा वनखंड घोडबंदर रस्त्याच्या पलीकडे वसईच्या खाडीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे एकाच उद्यानात डोंगरउतारावरचे पानगळीचे जंगल आणि खाडीकाठची कांदळवने अशी दोन्ही रूपे पाहावयास मिळतात. खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर आहेत. उद्यानाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३० मी. ते ४८० मी. इतकी असून जांभूळमाळ हा येथील सर्वांत उंच भाग होय.

विहार आणि तुळशी हे दोन तलाव उद्यानाच्या हद्दीत येतात. दहिसर नदी तुळशीच्या परिसरात उगम पावते, उद्यानातून वाहत बोरिवली-दहिसरच्या वस्तीत उतरते आणि पुढे मनोरीच्या खाडीला मिळते. पोयसर नदीचा उगमही याच डोंगरांत आहे. विहार भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी मिठी नदीत जाते. उपनगरांच्या या नद्या खाली शहरात गटारांसारख्या दिसत असल्या, तरी उद्यानाच्या हद्दीत त्यांचे पाणी पावसाळ्यात खडकांवरून स्वच्छ वाहताना दिसते.

इतिहास : प्राचीन काळी सोपारा व कल्याण ही बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांच्यामधील व्यापारी मार्गांच्या टापूत हे डोंगर होते. कान्हेरीचा बौद्ध विहार त्या व्यापाराच्या आधारावर उभा राहिला. आधुनिक काळात या जंगलाचे रक्षण झाले ते प्रामुख्याने पाण्यासाठी. मुंबई शहराला नळाने पाणी पुरवण्यासाठी १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले व १८६० मध्ये ते पूर्ण झाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. विहारची साठवणक्षमता सुमारे २७,६९८ दशलक्ष लिटर, तर तुळशीची सुमारे ८,०४६ दशलक्ष लिटर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोन सर्वांत लहान आणि एकूण साठ्यात त्यांचा वाटा अगदी थोडा आहे. पण तलाव स्वच्छ राहावेत म्हणून त्यांच्या पाणलोट क्षेत्रात वस्ती होऊ दिली गेली नाही आणि त्या निमित्ताने भोवतालची झाडी वाचली.

सुरुवातीस राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे २० चौ. किमी. एवढेच होते व ते कृष्णगिरी या नावाने ओळखले जाई. १९६९ नंतर लगतची राखीव वने त्यात टप्प्याटप्प्याने मिळवण्यात आली. पुढे त्याला बोरिवली राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले. १९८० मध्ये विमान अपघातात निधन पावलेले संजय गांधी यांचे नाव त्यानंतर उद्यानास देण्यात आले. त्याचा कारभार महाराष्ट्र शासनाच्या वन विभागाकडे आहे.

विहाराची ठिकाणे : मुख्य प्रवेशद्वारातून आत गेल्यावर लागणारा भाग ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणून ओळखला जातो. पहाटे येथे फिरायला येणाऱ्यांची मोठी वर्दळ असते. महिन्याचा वा वर्षाचा पास काढून नेमाने येणाऱ्या बोरिवली-कांदिवलीच्या ज्येष्ठ मंडळींचे गट, योगासने करणारे, धावणारे आणि पक्षी पाहणारे यांनी रस्ता गजबजतो. दिवस वर आला की शाळांच्या सहली आणि कुटुंबे येऊ लागतात. आतल्या रस्त्यांवर भाड्याच्या सायकली मिळतात. दहिसर नदीवर बांध घालून केलेल्या छोट्या तलावात पायाने चालवायच्या होड्या आहेत. जवळच गांधी टेकडीवर महात्मा गांधींचे स्मारक आहे. फुलपाखरू उद्यान व निसर्ग माहिती केंद्र ही मुलांना आवर्जून दाखवावीत अशी ठिकाणे होत.

वनराणी ही अरुंद रुळांवरची छोटी गाडी १९७० च्या दशकापासून येथील मुख्य आकर्षण ठरली. झाडीतून, लहान पुलांवरून आणि बोगद्यातून गांधी टेकडीला वळसा घालणारा तिचा मार्ग दोन-अडीच किमी. लांबीचा आहे. मुंबईतील दोन-तीन पिढ्यांच्या बालपणीच्या आठवणीत ही गाडी आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात रुळांची मोडतोड होऊन ती बंद पडली. त्यानंतर मार्ग नव्याने घालून विजेवर चालणारी गाडी आणण्याचे काम हाती घेण्यात आले.

सिंह व वाघ यांच्या सफारीसाठी जंगलाचा काही भाग उंच जाळीने बंदिस्त केला असून जाळीच्या खिडक्यांच्या बसमधून तेथे नेले जाते. हे प्राणी बंदिवासात वाढलेले असतात व रात्री पिंजऱ्यात ठेवले जातात. उद्यानाच्या मोकळ्या जंगलात वाघ-सिंह नाहीत. सिंहांची संख्या घटल्यावर २०२२ मध्ये प्राण्यांच्या देवाणघेवाणीतून गुजरातमधील जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहाची एक जोडी येथे आणण्यात आली.

जंगल जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी शिलोंडा, मालाड, नागला, येऊर इ. निसर्गवाटा आहेत. शिलोंड्याची वाट ओढ्याच्या काठाने जाते. नागल्याची वाट खाडीचे दर्शन घडवते. अशा काही वाटांवर वन विभागाची परवानगी व वाटाड्या बरोबर असणे आवश्यक असते. ठाण्याकडून येणाऱ्यांना येऊरचे प्रवेशद्वार सोयीचे पडते.

कान्हेरी लेणी : मुख्य प्रवेशद्वारापासून सुमारे ६ किमी. आत, डोंगराच्या माथ्याकडे शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह आहे. प्रवेशद्वारापासून तेथपर्यंत बस जाते. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून त्यांसाठी वेगळे तिकीट असते. इ. स. पू. पहिल्या शतकापासून इ. स. दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथे खोदकाम व वस्ती चालू होती. इतका दीर्घकाळ सलग नांदलेले बौद्ध केंद्र पश्चिम भारतात क्वचितच आढळते. शिलालेखांत या डोंगराचा ‘कण्हसेल’ असा उल्लेख असून सोपारा, कल्याण, नाशिक इ. ठिकाणच्या व्यापारी व गृहस्थांच्या दानांची नोंद त्यांत आहे. लेणे क्र. ३ हे चैत्यगृह सर्वांत भव्य असून सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात ते कोरले गेले. त्यात ३४ स्तंभ आहेत आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मी. उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. लेणे क्र. ११ सभागृहासारखे असून ते ‘दरबार’ या नावाने ओळखले जाते. क्र. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. क्र. ९० मधील पहलवी लेख येथे आलेल्या पारशी प्रवाशांची साक्ष देतात.

कान्हेरीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पाण्याच्या व्यवस्थेत आहे. बहुतेक लेण्यांच्या दाराशी एका बाजूस खडकात खोदलेली पोढी (पाण्याची टाकी) दिसते. डोंगराच्या उघड्या कातळावर हाताच्या रुंदीच्या पन्हाळी कोरलेल्या आहेत. त्या उताराचा अंदाज घेत, एकमेकींना मिळत खालच्या पोढीच्या तोंडाशी येऊन थांबतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारे पाणी उरलेले आठ महिने पुरवायचे, हा प्रश्न या डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंनी छिन्नी-हातोड्याने सोडवला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सुमारे पावणेदोन हजार वर्षांनी शहरासाठी विहार तलाव बांधला गेला, हे पाहता या जागेचे आणि पाण्याचे नाते किती जुने आहे, याची कल्पना येते. पावसाळ्यात पायऱ्यांवरून झरे वाहू लागले की या पन्हाळी अजूनही भरून वाहतात.

वनश्री : जंगल मुख्यतः दमट पानगळीचे आहे. साग, ऐन, किंजळ, कळंब, हेदू, बोंडारा, कुंभा, खैर, मोह, पळस, पांगारा व काटेसावर हे येथील प्रमुख वृक्ष होत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर फुलले म्हणजे उघडेबोडके उतार तांबड्या-केशरी रंगाने उठून दिसतात. उतारांवर कारवीची दाट झुडपे आहेत. कारवी आठ वर्षांतून एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, एकाच वेळी जांभळ्या-निळ्या फुलांनी बहरते. २०१६ व २०२४ ही तिच्या बहराची वर्षे होती. फुलोऱ्यानंतर बोंडे वाळतात, बी पडते आणि झुडूप मरून जाते. त्या बियांपासून पुढच्या पावसात नवी पिढी उगवते. हिच्या सरळ काटक्या पाड्यांवर कुडाच्या भिंतींसाठी वापरल्या जात आल्या आहेत.

प्राणिजीवन : चितळ, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, वानर, माकड, मुंगूस, उदमांजर व वाघाटी हे सस्तन प्राणी येथे आढळतात. विहार तलावात मगरी आहेत. पक्ष्यांच्या अडीचशेच्या आसपास जातींची नोंद झाली आहे. हळद्या, तांबट, स्वर्गीय नर्तक, राखी धनेश, पावश्या हे सहज ओळखता येणारे पक्षी होत. पावसाळ्यात तिबोटी खंड्या घरटे करण्यासाठी येतो आणि ओढ्याकाठी शीळ घालणारा मलबारी कस्तूर ऐकू येतो. फुलपाखरांच्या सुमारे दीडशे जाती आणि ॲटलस पतंगासारखा प्रचंड पतंगही येथे आहे.

उद्यानाचा मानबिंदू म्हणजे बिबट्या. अलीकडच्या गणनांनुसार उद्यान व लगतच्या परिसरात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. दाट वस्तीने वेढलेल्या जंगलात बिबट्यांची एवढी घनता जगात इतरत्र क्वचितच आढळते. २००२ ते २००४ या काळात माणसांवरील हल्ले वाढले व अनेकांचे प्राण गेले. इतरत्र पकडलेले बिबटे अपरिचित जंगलात आणून सोडण्याची पद्धत हे अशा हल्ल्यांमागचे एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. कचऱ्यावर पोसली जाणारी भटकी कुत्री बिबट्याला वस्तीकडे ओढतात, हेही स्पष्ट झाले. २०११ पासून वन विभाग, अभ्यासक व नागरिक यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून वस्त्यांमध्ये जाऊन माहिती दिली. कचरा उचलणे, रात्री मुलांना एकटे न सोडणे, बिबट्या दिसताच गर्दी न करणे या साध्या गोष्टींवर त्यात भर होता. त्यानंतर हल्ले लक्षणीयरीत्या कमी झाले.

पाडे व वस्ती : वारली, मल्हार कोळी, काथोडी, कोकणा इ. जमातींचे लोक येथे पूर्वापार राहतात. नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा ही त्यांच्या काही पाड्यांची नावे होत. वारली लोक वाघोबाला देव मानतात व बिबट्याशेजारी राहण्याची रीत त्यांना वडिलोपार्जित ठाऊक आहे. जंगलाच्या कडांवर नंतरच्या काळात हजारो झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला व पात्र कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी चांदिवली येथे इमारती बांधण्यात आल्या. पाड्यांवरील मूळ रहिवाशांचे हक्क आणि मूलभूत सोयी यांचा प्रश्न मात्र वेगळा असून त्याकडे अतिक्रमण म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

सद्यःस्थिती : उद्यानाभोवतालचा पट्टा २०१६ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. ठाणे-बोरिवली जोडबोगदा व गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे उद्यानाच्या खालून जाणार आहेत. घोडबंदर रस्त्यावरील वाहतुकीमुळे नागला व मुख्य जंगल यांच्यातील प्राण्यांची ये-जा अवघड होत चालली आहे. तुंगारेश्वरकडे जाण्याचा हा एकमेव मार्ग असल्याने तो मोकळा राहणे येथील बिबट्यांच्या भवितव्यासाठी निकडीचे आहे.

उद्यान सोमवारी पर्यटकांसाठी बंद असते. ओढे व हिरवाई पाहण्यासाठी जुलै ते सप्टेंबर, तर पक्षिनिरीक्षण व लेण्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. प्लॅस्टिक आत नेण्यास बंदी आहे व माकडांना खाऊ घालणे हा गुन्हा आहे. गर्दी वाढते तशी नव्या खेळांची, उपाहारगृहांची व रस्त्यांची मागणीही वाढते. येथील करमणूक आज आहे तेवढ्याच पट्ट्यात नेटकी ठेवणे आणि तिच्यामागचे जंगल अधिक निवांत करणे, हेच या उद्यानाच्या आणि उपनगरांच्या हिताचे आहे.