पोलाद, लंबक आणि काळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. एकदा पेटलेली झोतभट्टी सूर्य मावळला म्हणून विझविता येत नाही. तेव्हा छत्तीसगडच्या ज्या मैदानात शेतकऱ्याचा दिवस उजाडण्याबरोबर सुरू होई आणि दिवेलागणीला संपे, तेथे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांचा नवा दिवस अवतरला. या पाळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मध्यरात्रीचा तास आणि भर दुपारचा तास, पौषातला तास आणि वैशाखातला तास, हे अगदी सारखे असले पाहिजेत. हा सारखेपणा मनुष्याने कसा मिळविला, याचा इतिहास मनोरंजक आहे.

समान कालखंड मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पाण्यावर तरंगणारे, बुडाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजत. अशा ६० घटकांचा अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हे पात्र महाराष्ट्रात घरोघर परिचयाचे होते. आपला ‘तास’ हा शब्दही मुळी ज्या धातूच्या थाळीवर वेळेचे टोले देत, तिचेच नाव. परंतु या साधनापाशी सतत कोणीतरी जागे राहावे लागे. पात्र बुडाले की ते रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडावे लागे. राखणदाराला डुलकी लागली की काळही चुकला!

युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस राखणदाराचे हे काम यंत्राकडे सोपविण्यात आले. दोरीला वजन टांगून चक्रे फिरविणे अवघड नव्हते. अवघड होते ते त्या वजनाला आवरणे. मोकळे सोडलेले वजन क्षणोक्षणी अधिक वेगाने खाली येते आणि चक्रे भरधाव सुटतात. म्हणून शेवटच्या दंतचक्राच्या वाटेत एक अडसर बसविला गेला. तो चक्राला अडवितो, एक दात सुटू देतो आणि लगेच पुन्हा अडवितो. इंग्रजीत या योजनेला ‘एस्केपमेंट’ म्हणतात. शक्तीला थोडी-थोडी निसटू देण्याची ही युक्ती. वहात्या काळाचे तुकडे पाडण्याची विद्या मनुष्याला येथे साधली.

आरंभीची ही घड्याळे दिवसाला पाव-पाव तास चुकत, कारण त्यांच्या आडव्या दांड्याच्या हेलकाव्याला स्वतःची अशी निश्चित लय नव्हती. ती लय लंबकापाशी होती. गॅलिलिओने लंबकाचा अभ्यास केला होता. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये तो प्रत्यक्ष घड्याळाला जोडला आणि दिवसाची चूक काही सेकंदांवर आणली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जहाजाच्या नांगरासारख्या आकाराचा अडसर प्रचारात आला. लंबक डावीकडे गेला की नांगराची एक भुजा दात सोडते आणि दुसरी भुजा पुढचा दात पकडते. उजवीकडे गेला की याच्या उलट. दात भुजेवर आदळतो, तोच ‘टिक्’ असा आवाज. जाता जाता दात भुजेला हलकासा धक्का देतो व लंबकाचे थकणारे हेलकावे जिवंत ठेवतो. म्हणजे लंबक चक्राला शिस्त लावतो आणि चक्र लंबकाला बळ देते. लंबकाची लांबी एक मीटरला किंचित कमी असेल, तर त्याचा एकेक झोका एका सेकंदाचा होतो. चक्राला ३० दात असतील, तर साठ झोक्यांत त्याचा एक फेरा होऊन मिनिट भरते.

खिशातल्या वा मनगटावरच्या घड्याळात लंबक चालत नाही. तेथे त्याची जागा केसासारख्या बारीक कमानीला जोडलेले छोटे चक्र घेते. जुनी मनगटी घड्याळे बहुधा सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देत. हजारात एक ठोका चुकला तरी दिवसाला जवळजवळ दीड मिनिटाचे अंतर पडे. उष्णता हा दुसरा शत्रू. पोलादी दांड्याचा लंबक असेल, तर तापमान १० अंशांनी वाढताच तो लांबतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या भिलाईला पोलादाचा हा स्वभाव वेगळा सांगावयास नको.

यंत्राने तास सारखे केले. परंतु काटे कोठे लावावयाचे, हे यंत्र सांगत नाही. तो प्रश्न माणसांचा. १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरील वेळ भारताची प्रमाणवेळ ठरली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करण्याची वेळ आली. सूर्याच्या हिशेबाने कामाला तितके आधी जुंपले जाणार, या भयाने त्याच महिन्यात काही गिरणीकामगारांनी काम थांबविले व दगडफेकही झाली. महानगरपालिकेनेही ‘मुंबई वेळे’चा हट्ट धरला आणि तो स्वातंत्र्यानंतरच सुटला. या हट्टाला केवळ हेकेखोरपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या माथ्यावरचा सूर्य खरा, की सरकारने ठरविलेला काटा खरा, असा तो सवाल होता.

भिलाईला हा सवाल तितका बोचला नाही. ते प्रमाण रेखावृत्ताच्या जवळच असल्याने तेथील सूर्य आणि घड्याळ यांत सरासरी साडेचार मिनिटांचेच अंतर. पण मुंबई-कलकत्त्याला एकच वेळ का पाळावी लागली, याचे उत्तर भिलाईतूनच बाहेर पडते. ते म्हणजे लोहमार्गाचे रूळ. गावोगावचा वेगळा माध्यान्ह आगगाडीच्या वेळापत्रकात बसत नाही. आज दात आणि नांगर यांचे काम स्फटिकाच्या कंपनांनी पत्करले आहे, टिकटिकही बहुतेक थांबली आहे. तत्त्व मात्र तेच उरले. नुसती शक्ती पुरत नाही. ती वेळच्या वेळी अडविणारा आणि वेळच्या वेळी सोडणारा एक छोटासा अडसर लागतो.