भागवंतीचं काय चुकलं?

टीकाकार हा प्राणी वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्माला येतो, अशी एक समजूत आहे. ती साफ खोटी. तो शेजाऱ्याच्या खोलीत, शेजाऱ्याच्या सतरंजीवर, शेजाऱ्याचाच चहा पिताना जन्माला येतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मग आमच्या गिरगावात 'ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी चाळ' असा नियमच पडून गेला. आमच्या चाळीत हे भाग्य आप्पांच्या वाट्याला आलं. ते स्वतः दाराशी स्टुलावर बसत आणि आत मंडळी 'आमची माती, आमची माणसं'मधल्या खतांवरसुद्धा मत देत. खिडकीतल्या तुळशीपलीकडे ज्यांची शेती नाही, ते युरियाच्या बाबतीत हट्टाला पेटत!

पण या समीक्षेला खरा रंग चढला तो ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाल्यावर. (रंग म्हणजे अलंकारिक. आप्पांचा संच काळा-पांढराच होता.) या मालिकेचं मूळ थेट मेक्सिकोत. तिथं मिगेल साबिदो नावाच्या गृहस्थांनी रडकथेतून लोकशिक्षण करायचा घाट घातला होता. १९७५ च्या मालिकेत प्रौढशिक्षण, १९७७ च्या मालिकेत कुटुंबनियोजन. कृती सोपी : एक पात्र चांगलं, एक वाईट आणि एक मधल्यामध्ये लोंबकळणारं. हे लोंबकळणारं हळूहळू सुधारतं, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकानंही सुधारावं अशी अपेक्षा. आपले कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय करत होते? फक्त त्यांच्या उत्तररंगाला जाहिरातदार नव्हता. आपले वसंत साठे नभोवाणी मंत्री असताना १९८२ मध्ये मेक्सिकोला जाऊन आले आणि ते बी इथं पडलं. लेखन मनोहर श्याम जोशींचं, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं, जाहिरात मॅगीची, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तात्पर्य सांगायला खुद्द दादामुनी अशोककुमार.

पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की प्रेक्षक कावले. नावं ठेवू लागले. आणि नवल असं, की सरकारी खात्यानं ते ऐकलं! उपदेश पातळ झाला, गोष्ट दाट झाली. मग मात्र लोक असे वेडे झाले की विचारू नका. दादामुनींकडे पत्रांचा पूर लोटला. 'आमच्या आईवडलांना आमच्या पसंतीच्या लग्नासाठी राजी करा' अशी गळ तरुण मंडळी त्यांना घालू लागली. जणू निवेदक म्हणजे घरातला वडीलधारा मामाच. आमच्या चाळीत बडकीच्या लग्नाची काळजी तिच्या आईहून बायकांनाच जास्त.

या आईचं नाव भागवंती. नवरा बसेसर राम पिणारा, ही सोसणारी. कर्त्यांच्या हिशेबात भागवंती हा 'असं वागू नये' याचा नमुना होता. पण पुढं संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर पुष्कळांनी तिलाच आदर्श म्हणून निवडलं. त्यात बायकाही होत्या! विद्वानांना याचा मोठा अचंबा वाटला. मला वाटला नाही. 'सोसू नकोस' हे सांगायला अर्धा तास पुरतो; सोसायचं नाही तर जायचं कुठं, हे सांगायला १५६ भागसुद्धा अपुरे पडतात. आणि ज्या बाईनं जन्मभर तेच केलं, तिला पडद्यावर स्वतःसारखी दुसरी दिसल्यावर तिनं तिला वाईट कसं म्हणावं?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सतरंजीच्या अगदी कडेला बसत. पगाराच्या दिवशी काकांचा पाय जिन्यावर निराळा वाजायचा, हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. पण त्याचा उच्चार कुणी करत नसे. चाळीत भिंती पातळ असल्या तरी रीत जाड असते. एकदा पडद्यावर बसेसर झोकांड्या खात घरी आला. सतरंजीवरून नुसता शिव्यांचा वर्षाव. आप्पा तर स्टुलावरून उठलेच. म्हणाले, "असल्या नवऱ्याला दाराबाहेर ठेवावं! कडी लावून घ्यावी सरळ!"

मंडळींनी माना डोलावल्या. काकूंनी पडद्यावरची नजर काढली नाही. हळूच म्हणाल्या, "कडी लावली तर जिन्यात पडतात हो आप्पा. मग उचलायला चौघांना हाका माराव्या लागतात."

त्या चौघांतले दोघं तिथंच सतरंजीवर बसलेले होते. कुणी काही बोललं नाही. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं, तरी आप्पा चप्पल पायात सरकवून अँटेना फिरवायला गच्चीवर निघून गेले.