निषिद्ध भाष्य

लुटुपुटीची उदाहरणे सोडवून संगणकाची प्रणाली कशी चालते ते कळत नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी म्हणूनच १९७६ साली बेल प्रयोगशाळेची ‘युनिक्स’ प्रणालीच वर्गात वाचावयास घेतली. तिच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता एका पुस्तिकेत, अन् तीवरील सविस्तर भाष्य दुसरीत! आपल्या टीकाग्रंथांचीच ही रीत म्हणावयाची.

पण संहिता मालकीची होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर एटी अँड टी कंपनीने परवान्यातच अट घातली : वर्गात ती शिकवावयाची नाही. भाष्य उघडपणे विक्रीस येण्यास १९९६ साल उजाडले. तोवर विद्यार्थी छायाप्रतींच्या छायाप्रती काढीत राहिले. (बंदी घातलेले पुस्तक मुले अधिक मन लावून वाचतात, हा आम्हां शिक्षकांचा जुना अनुभव!)

वर्गात शिकवावयाचे काय, ही अडचण मात्र उरलीच. अखेर ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी अध्यापनासाठी ‘मिनिक्स’ ही छोटी प्रणाली स्वतःच रचली आणि १९८७ मध्ये संहितेसह प्रसिद्ध केली. तिच्यावर हात बसवून हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ लिहावयास घेतले; आणि पुढच्याच वर्षी, कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे अशा परवान्याखाली ते खुले केले.