तळटीप : ‘अमेरिकेतल्या लढाईचे पैसे’

१८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा भाव चढला. वऱ्हाड १८५३पासूनच इंग्रजांच्या ताब्यात होते. लेखक या तेजीचे श्रेय ‘आगगाडी आल्याला’ देतात, ते मात्र घाईचे आहे. अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंतची लोहमार्गाची वाट १८६७ साली पुरी झाली, तोवर तेजी ओसरली होती. रुळांच्या आधी इथली रुई बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत पाऊस लागला की भिजून जड होई आणि धुळीने मळे ती वेगळीच. रुळांनंतर माल मुंबईकडे वळला, सरकी काढायचे गावोगावचे हातरेचे मागे पडून वाफेवरचे जिन-प्रेस उभे राहिले. कापसापाठोपाठ मारवाडी व्यापारी वऱ्हाडात येऊन स्थिरावले, आणि बऱ्याच कास्तकारांची खाती त्यांच्या वह्यांत चढली. पुढे टेक्सासात, रेल्वेच्याच आधाराने, कापसाचे नवे रान वाढत गेले. आपल्या बाजाराला हादरा तिकडूनही बसू लागला.